सातबाऱ्याखालचं पाणी

मार्च सरत आला की तहसील कचेरीतल्या टंचाईच्या टेबलाला दम खायला वेळ नसतो. ग्रामपंचायतींचे ठराव येऊन पडलेले असतात, त्यांना पाहणीचे अहवाल टाचलेले असतात आणि त्यांतून एकेक आदेश निघत जातो: मौजे अमुक, गट नंबर तमुक, सदर खातेदाराची विहीर गावाच्या पिण्याच्या पाण्यासाठी अधिग्रहित करण्यात येत आहे. दिवसाला ठरलेला मोबदला, मुदत बहुधा जूनअखेर. कालपर्यंत जी विहीर एका माणसाची होती तिच्यावर आज गावाचा हक्क लागतो. पाऊस पडला, टंचाई सरली, की विहीर पुन्हा त्याची. मधल्या काळात विहीर तीच असते, पाणीही तेच.

मराठवाड्यात आणि नगर-सोलापूरच्या पट्ट्यात ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यात काही नवल आहे असं कुणाला वाटत नाही. काही खातेदार कुरकुरतात, कारण मोबदला वर्ष-वर्ष रखडतो. काही जण स्वतःहून अर्ज देतात: उन्हाळ्यात पीक तसंही उभं नसतं, निदान सरकारचे पैसे तरी येतील. एखाद्या गावी याहून गमतीचा प्रकार घडतो. नळयोजनेची सार्वजनिक विहीर ओढ्याकाठी असते. तिच्यापासून हाकेच्या अंतरावर कुणीतरी चारशे फूट बोअर घेतो, योजनेची विहीर आटते, गावात ओरड होते आणि पंचायत ठराव करून अधिग्रहण मागते ते त्याच बोअरचं. ज्यानं गावाचं पाणी ओढलं त्यालाच गावाच्या वतीनं दिवसाचा मोबदला सुरू होतो. यात त्या माणसाला लबाड म्हणण्यात अर्थ नाही. त्यानं आपल्या रानात, आपल्या पैशानं, आपल्या पिकासाठी भोक पाडलं. खाली काय चाललं आहे ते त्यालाही दिसत नव्हतं.

खाली काय चाललं आहे ते न दिसणं, हीच या साऱ्या गुंत्याची मेख आहे. नदीवर हक्क सांगणारा माणूस चारचौघांत उघडा पडतो. भूजलाचं तसं नाही. १८८२च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यात एक छोटं उदाहरण आहे. ठरावीक प्रवाहातून न वाहणारं, जमिनीच्या पोटातलं पाणी आपल्या हद्दीत गोळा करण्याचा आणि हवं तसं वापरण्याचा हक्क त्या जमिनीच्या मालकाचा, असं ते सांगतं. विचार इंग्लंडातला, इथे आणून लावलेला. जमीन ज्याची, तिच्याखालचं पाणी त्याचं. ज्याला जमीनच नाही त्याला पाणीही नाही, हे त्यात न लिहिता येऊन गेलं. सव्वाशे-दीडशे वर्षांत धरणं झाली, कालवे झाले, पाणीवापर संस्था झाल्या, पण शेतकऱ्याच्या मनातला कायदा आजही हाच आहे: माझा सातबारा, माझी विहीर, माझं पाणी.

भूगर्भ मात्र सातबारा वाचत नाही. महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग बेसॉल्टवर बसलेला आहे. लाव्हारसाचे थर एकावर एक साचत गेले, त्यांतला काही काळा पाषाण घट्ट, काही भेगाळलेला, काही मांजऱ्या म्हणजे पोकळ्यांनी भरलेला, मधेच लाल गेरूचा पट्टा. वाळूच्या किंवा गाळाच्या प्रदेशात पाणी सगळीकडे मुरून बसतं. आपल्याकडे ते वरच्या मुरमात आणि खालच्या भेगांमध्ये असतं. म्हणून एकाच्या विहिरीला झरा लागतो आणि बांधापलीकडे साठ फूट खोदून धूळ निघते. पण ज्या भेगेतून एकाला पाणी येतं तीच भेग पुढे दुसऱ्याच्या विहिरीत उघडते. एकाच बँक खात्यावर साऱ्या गावाकडे चेकबुकं असावीत आणि पासबुक कुणाकडेच नसावं, असा हा व्यवहार आहे.

मोटेच्या काळात हे निभावून जायचं. बैलजोडी दिवसभरात किती मोटा काढणार? पाणी संपायच्या आधी बैल थकायचे, आणि बैलाचं थकणं हीच पाणीवाटपाची एक न लिहिलेली पद्धत होती. मग तेलाचं इंजिन आलं, नंतर विजेची मोटर आली, ७२च्या दुष्काळानंतर विहिरी आणखी खोल गेल्या, आत आडवे बोअर मारले गेले. विहिरीची खोली परसात मोजणारी माणसं फुटांत मोजू लागली. आता २०२४पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना राज्य सरकार वीज मोफत देतं, आणि सौरपंपाला तर बिलच नाही. शेतकऱ्याची बाजू इथे खरी आहे, बिलानं तो पिचलेला होता. पण पाणी उपसण्याला आता बैलही आड येत नाही आणि बिलही.

बोअरची गाडी एकदा जवळून बघण्यासारखी असते. गाड्यांवर पाटी तमिळनाडूची असते. नामक्कल जिल्ह्यातलं तिरुचेंगोडे हे या धंद्याचं माहेर, तिथल्या रिग देशभर फिरतात. दोन ट्रक एकामागे एक रानात शिरतात, एकावर रिग आणि दुसऱ्यावर कॉम्प्रेसर. त्याआधी पाणाड्या येऊन गेलेला असतो. तळहातावर नारळ आडवा धरून तो बांधाबांधानं चालतो आणि नारळ उभा राहिला की तिथे खूण करतो. भूजलशास्त्राचे पदवीधर यावर हसतात, पण भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या कार्यालयापर्यंत जाण्यापेक्षा पाणाड्याला फोन करणं सोपं असतं, हेही तितकंच खरं. खुणेच्या जागी नारळ फुटतो, अगरबत्ती लागते, घरातल्या म्हाताऱ्या बाईच्या हातून हळदकुंकू वाहिलं जातं. मग कॉम्प्रेसरचा आवाज सुरू होतो आणि त्यापुढे बोलणं ऐकू येत नाही.

वीस-वीस फुटांचे रॉड जोडत हॅमर खाली जातो. तोंडातून राखाडी भुकटी उडते, पडवळाच्या वेलावर, उभ्या माणसांच्या पापण्यांवर बसते. भुकटीचा रंग बदलला की सगळे पुढे सरकतात: काळा पाषाण, मग लाल, मग पुन्हा काळा. मालक भुकटी चिमटीत घेऊन चुरगळून पाहतो. एक पोरगा डब्यावर बसून रॉड मोजतो आणि वहीत रेघा ओढतो, कारण बिल फुटावर आहे आणि तीनशे फुटांनंतर दर चढत जातो. अशा वेळी सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे थांबणं. दोनशे ऐंशीवर ओल लागलेली नाही, घातलेले पैसे मातीत जाणार, आणखी वीस फूट, आणखी वीस. पाणी लागलं तर ते इंचांत बोललं जातं, "दोन इंच लागलं" म्हणजे घरात दिवाळी. फेल गेला तर गाडीवाला रॉड काढून घेतो आणि पुढच्या गावाला निघतो. नगर तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं मला बांधावर उभं राहून आपले बंद पडलेले बोअर दाखवले. तोंडावर दगड ठेवलेले, एकात पोरं खडे टाकून आवाज ऐकायची. "शेजाऱ्यानं साडेचारशे घेतला, मग आम्ही पाचशे घेतला," तो म्हणाला. "आता त्याचा बी आटला, आमचा बी." पैसे कुठून आणले हे मी विचारलं नाही, बायकोच्या गळ्यात काळी पोत होती.

शर्यतीत दोघंही शहाणे होते, हे लक्षात घेतलं पाहिजे. एकट्यानं थांबून काही वाचत नाही. मी नाही ओढलं तर तो ओढणार. अर्थशास्त्रज्ञांनी याचं गणित फार पूर्वी मांडलं आहे. पॉल सॅम्युअल्सननं १९५४ साली वस्तूंची विभागणी केली, ती पुढे साधारण दोन प्रश्नांवर उभी राहिली. एकानं वापरल्यानं दुसऱ्याला कमी पडतं का? आणि न देणाऱ्याला बाहेर ठेवता येतं का? भाकरी खासगी आहे: मी खाल्ली की संपली, आणि तुला द्यायची की नाही ते मी ठरवणार. गावच्या चौकातला दिवा सार्वजनिक आहे, तुझ्यावर उजेड पडला म्हणून माझा कमी होत नाही. भूजल या दोहोंमधे अडकलेलं आहे. माझ्या मोटरनं तुझं पाणी कमी होतं, पण तुला मोटर लावण्यापासून मी थांबवू शकत नाही. १९६८ साली गॅरेट हार्डिननं असल्या सामाईक गोष्टींचं भवितव्य काळंकुट्ट रंगवलं आणि उपाय दोनच ठेवले: एक तर सरकारच्या ताब्यात द्या, नाही तर खासगी करा. एलिनॉर ऑस्ट्रॉम या बाईंनी त्यावर आयुष्यभर शांतपणे हरकत घेतली. त्यांचा १९६५चा प्रबंधच लॉस एंजेलिसजवळच्या एका भूजल खोऱ्यावर होता. तिथले पंपमालक एकत्र येऊन, कोर्टाचा आधार घेऊन, आपापला उपसा कसा आवरत होते हे त्यांनी तपासलं. २००९ साली अर्थशास्त्राचा नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. आपल्याकडच्या विद्यापीठांत त्यांची पुस्तकं लागतात, आणि पाणीवाटपाचा साक्रीचा फड मात्र अभ्यासक्रमात फारसा सापडत नाही.

फडाकडे जाण्याआधी भावकीच्या विहिरीबद्दल दोन शब्द. सामाईक विहीर ही महाराष्ट्रातली सगळ्यात पसरलेली पाणीसंस्था आहे, तिला कुणी संस्था म्हणत नाही एवढंच. वाटण्या झाल्या, रानं तुटली, पण विहीर तोडता येत नाही. म्हणून सातबाऱ्यावर हिस्सा लागतो आणि पाळी पडते. थोरल्याचे चार दिवस, मधल्याचे चार, धाकट्याचे चार. मोटर सामाईक असेल तर जळाल्यावर वर्गणी. लाईट आठ तास, तीही एका आठवड्यात दिवसा आणि पुढच्यात रात्री, त्यामुळे पाळी कुणाच्या रात्रीत पडते यावरून बोलणं बंद होतं. दिवाणी कोर्टांत विहिरीच्या हिश्शाचे दावे पिढ्यानपिढ्या चालतात, हे खरंच आहे. पण जिथे चालत नाहीत अशा हजारो विहिरी आहेत, आणि तिथे तीन जावा एकमेकींशी बोलत नसल्या तरी पाळी चुकत नाही. धाकट्याला नोकरी लागते, हातात पैसा येतो, तो स्वतःच्या रानात बोअर घेतो आणि पाळीतून बाहेर पडतो. त्या दिवशी भांडण मिटल्यासारखं सगळ्यांना वाटतं. विहिरीतला गाळ पुढच्या उन्हाळ्यात काढायचा असतो तेव्हा लक्षात येतं की वर्गणी तिघांऐवजी दोघांवर आली, आणि शिवाय त्याच्या बोअरनं विहिरीची पातळी परसभर खाली गेली.

हे दृश्य मोठं केलं की फडाची गोष्ट होते. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत, पांझरा, मोसम, आरम यांच्या काठांवर, साक्री-बागलाणकडे तीन-चार शतकं ही पद्धत चालत आली. नदीवर दगडी बंधारा, त्याच्या बगलेतून पाट, आणि पाटाखालची सगळी जमीन तीन-चार फडांत वाटलेली. एका फडात एका वेळी एकच पीक: एकात ऊस, दुसऱ्यात गहू-हरभरा, तिसऱ्यात पावसाळी पीक, पुढच्या वर्षी अदलाबदल. शेतकऱ्यांचे तुकडे शक्यतो प्रत्येक फडात असायचे. यातली हुशारी दुष्काळी वर्षी कळते. पाणी कमी पडणार असं दिसलं की पंच मंडळी एक फड कोरडा ठेवायची. प्रत्येकाची जमीन प्रत्येक फडात असल्यामुळे तोटा सगळ्यांच्या वाट्याला सारखा यायचा. वरच्याचं भरलं आणि शेपटाचं जळालं, हा आजच्या प्रत्येक कालव्याचा रोग तिथे मुळातच उगवत नव्हता.

आणखी एक नियम मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्या शेताला पाणी स्वतः द्यायचं नाही. ते काम पाटकऱ्याचं. तो गावानं नेमलेला, त्याचा मोबदला पिकातून एकरी ठरलेला. बारं कधी फोडायचं, किती वेळ चालू ठेवायचं, हे तो बघणार. मालक बांधावर उभा राहून विड्या ओढू शकतो, फावड्याला हात लावू शकत नाही. पिकाची राखण जागल्याकडे, देखरेख हवालदाराकडे. पाटाची साफसफाई मात्र सगळ्यांनी मिळून, ज्याची जमीन जास्त त्याची माणसं जास्त. नियम तोडणाऱ्याला दंड होता आणि दंड वसूल करणारे त्याच गावात राहणारे होते. ऑस्ट्रॉमबाईंनी टिकाऊ सामाईक व्यवस्थांची जी लक्षणं शोधून काढली, हद्द ठरलेली, नियम तिथल्यांनी केलेले, नजर ठेवणारा जबाबदार, दंड आधी हलका मग जड, ती बहुतेक इथे आधीपासून नांदत होती.

मग फड मोडले का? सरसकट मोडले नाहीत, काही आजही पाणी देतात. पण वरच्या अंगाला धरणं झाली आणि नदीचं पाणी पाटबंधारे खात्याच्या वेळापत्रकानं येऊ लागलं. आणि फडाच्या पोटात विहिरी खोदल्या गेल्या. पाटाचं मुरलेलं पाणी त्या विहिरींना लागलं. ज्याच्याकडे विहीर त्याला कुठलं पीक कधी घ्यायचं याचं स्वातंत्र्य मिळालं, पंचांच्या बैठकीला यायची गरज उरली नाही, पाट साफ करायला माणूस पाठवायचं कारण उरलं नाही. फडाच्या पाण्यावर विहीर भरायची, आणि फडाच्या नियमांतून मोकळं व्हायचं. ऐपत असलेले लोक असे एकेक करून उठून गेले आणि पाट साफ करण्याचं ओझं ज्यांना दुसरा आसरा नाही त्यांच्यावर आलं. सरकारी शाळा, एसटी, सरकारी दवाखाना, यांच्याबाबतीत आपण हाच क्रम पाहिला आहे. पण शाळेतून पोर काढून नेणारा बाप निदान मागे राहिलेल्या पोरांचा फळा उचलून नेत नाही. बोअर घेणारा सामाईक व्यवस्था सोडतो आणि तिचं पाणीही घेऊन जातो.

इथे जुन्या व्यवस्थांच्या प्रेमात पडण्याचा धोका आहे आणि तो महाडची आठवण काढून टाळलेला बरा. सामाईक म्हणजे सगळ्यांचं, असं आपल्या गावगाड्यात कधीच नव्हतं. पाणवठे वाटलेले होते, आणि ज्यांच्या वाट्याला पाणवठा नव्हता त्यांनी ओंजळ धरून वाढणाऱ्याची वाट बघायची होती. १८६८ साली जोतीराव फुल्यांनी पुण्यातल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला; खासगी गोष्ट एका माणसानं आपल्या निर्णयानं सार्वजनिक केली. महाडला उलटं घडलं. सी. के. बोले यांच्या ठरावानं १९२३ साली मुंबई कायदे मंडळानं सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले केले, महाड नगरपालिकेनंही तसा ठराव केला, पण चवदार तळ्यावर अस्पृश्य माणूस पाय ठेवू शकत नव्हता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी आणि त्यांच्यामागे आलेल्या हजारोंनी ते पाणी ओंजळीनं प्यायलं. त्यानंतर तळं बाटलं म्हणून शुद्धी झाली, ती सर्वांना ठाऊक आहे. कमी लोकांना ठाऊक असलेली गोष्ट अशी की, त्याच वर्षअखेर सनातनी मंडळींनी दिवाणी दावा ठोकला आणि त्यातला मुद्दा होता तळ्याच्या मालकीचा: हे तळं सार्वजनिक नाहीच, ते आमच्या वहिवाटीचं खासगी आहे. ज्या तळ्यावर मुसलमान पाणी भरत, गुरं उतरत, ते अचानक खासगी झालं. हा वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९३७ साली निकाल लागला की तळं नगरपालिकेचं आहे, आणि अस्पृश्यांना वगळण्याची अनादी वहिवाट सिद्ध झालेली नाही. दहा वर्षं लागली. वगळता येतं का, हा अर्थशास्त्रज्ञांच्या गणितातला एक तांत्रिक प्रश्न. महाडच्या काठावर तो माणसांनी माणसांना विचारलेला प्रश्न होता.

म्हणून विलासराव साळुंखे यांचं काम मला फडापेक्षाही पुढचं वाटतं. साळुंखे पुण्याचे कारखानदार, अभियंते. १९७२च्या दुष्काळात पुरंदर तालुक्यात खडी फोडणारी माणसं पाहून ते नायगावला आले. देवस्थानची सुमारे चाळीस एकर माळरान जमीन कराराने घेऊन त्यांनी बांधबंदिस्ती केली, पाझर अडवला, विहीर केली, आणि त्यातून पाणी पंचायतीचे नियम निघाले. नियम थोडे आणि कडक होते. पाणी जमिनीच्या प्रमाणात मिळणार नाही, घरातल्या माणसांच्या प्रमाणात मिळेल: माणशी अर्धा एकर भिजेल इतकं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नाही, जमीन विकली तरी पाणी विकलं जाणार नाही. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. ऊस नाही. योजनेच्या खर्चातला वीस टक्के भाग लाभधारकांनी उचलायचा. आणि पाणी सोडायचं काम इथेही नेमलेल्या पाटकऱ्याकडे.

१८८२च्या कायद्याला याहून सरळ नकार महाराष्ट्रात कुणी दिलेला मला माहीत नाही. शंभर एकरवाला आणि भूमिहीन, दोघांच्या घरी पाच माणसं असतील तर दोघांना पाणी सारखं. पुरंदरमध्ये अशा उपसा योजना काही वर्षं चांगल्या चालल्या. पण राज्यभर ही कल्पना गेली नाही, आणि त्याचं कारण शोधायला लांब जावं लागत नाही. ऊस नाही म्हटल्यावर साखर कारखान्याला काय? साखर कारखान्याला काही नाही म्हटल्यावर राजकारणाला काय? राज्यातल्या पिकांखालच्या जमिनीत उसाचा वाटा अगदी थोडा आहे, सिंचनाच्या पाण्यातला मात्र सर्वांत मोठा. साळुंखे २००२ साली गेले. पाणी परिषदांत त्यांचं नाव आदरानं घेतलं जातं आणि नियम मात्र कुणी पुढे वाचत नाही.

हिवरे बाजारनं वेगळी वाट धरली. तिथे जमिनीची मालकी हलवली नाही, पाण्याचं समान वाटपही केलं नाही. पोपटराव पवार १९८९-९०मध्ये सरपंच झाले तेव्हा गावाची अवस्था दारू, स्थलांतर आणि उजाड डोंगर अशी होती. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी झाली, डोंगरावर चर खणले गेले, आणि पाणी वर आल्यावर गावानं खरं अवघड काम केलं: ते राखलं. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही. ऊस आणि केळी नाही. २००४च्या सुमारापासून दरवर्षी पाऊस संपला की पाण्याचा ताळेबंद मांडतात. किती मिलिमीटर पडला, किती मुरला, विहिरींची पातळी काय; त्यातून आधी माणसांचं, मग जनावरांचं बाजूला काढायचं, उरलेल्यावर रब्बी ठरवायची. पाऊस कमी तर गहू कमी. विहिरी सगळ्या खासगीच आहेत, पण त्यांच्यातलं पाणी हिशेबात सामाईक झालं. मालकीला हात न लावता उपसा आवरता येतो, एवढं त्या गावानं दाखवलं. आता तिथे बस भरून माणसं येतात, फोटो काढतात, चारा आणि दुधाचे आकडे लिहून घेतात. परत गेल्यावर चर खणले जातात, कारण चराला सरकारी योजना आहे, फोटो निघतो, कुणाचं नुकसान होत नाही. बोअरबंदीचा ठराव क्वचित होतो. पाणी साठवणं हे लोकप्रिय काम आहे आणि पाणी न काढणं हे भांडणाचं. राज्यातल्या बहुतेक जलसंधारण मोहिमा पहिल्यावर संपतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

पिण्याच्या पाण्यातही हीच तऱ्हा. २०१९ला जल जीवन मिशन सुरू झालं, घरोघरी नळ, माणशी रोज ५५ लीटर. ही योजना ज्या बाईच्या डोक्यावरचा हंडा उतरवते तिच्यासाठी काही साधी गोष्ट नाही. पण नळ घरात आला की तो आपला होतो, आणि टाकी गावाची राहते. एका गावात पाणी सुटायच्या वेळी मी फिरलो तर प्रत्येक आळीतून बारीक घरघर ऐकू येत होती. नळाला टिल्लू मोटर. वरच्या आळीला पाणी चढत नाही म्हणून एकानं लावली, त्यामुळे त्याच्या शेजाऱ्याला येईना म्हणून त्यानं लावली. आता मोटर नसलेल्या घरातच पाणी येत नाही. अशा एका घरातली बाई ओट्यावर उभी होती, हातात रिकामी कळशी. "पाणीपट्टी आमची बी तेवढीच घेत्यात," ती म्हणाली, आणि शेजारणीच्या दारात कळशी भरायला गेली, त्याच शेजारणीच्या जिची मोटर तिचं पाणी ओढत होती. दोघी हसून बोलल्या. शेतातल्या डीपीचंही असंच: प्रत्येकाचा ऑटो स्विच चालू, लाईट आली की सगळ्या मोटरी एका दमात उठतात, डीपी जळते, आणि मग सगळे मिळून वर्गणी काढून ती आणायला जातात. एकत्र यायची ताकद आहे, ती बहुतेक वेळा जळाल्यानंतर दिसते.

कायदा नाही असं नाही. १९९३च्या कायद्यानं पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोताभोवती पाचशे मीटरमध्ये नव्या विहिरीवर बंधन आणलं. २००९चा महाराष्ट्र भूजल कायदा २०१४पासून लागू झाला. शेती आणि उद्योगासाठी साठ मीटरपेक्षा खोल विहिरी त्याला नको आहेत. साठ मीटर म्हणजे दोनशे फूटसुद्धा भरत नाहीत. वर ज्या गाडीचं वर्णन केलं तिचा पोरगा दोनशे फुटांना वहीतलं पहिलं पानही ओलांडत नाही. मोडणाऱ्याविरुद्ध तक्रार द्यायची तर ती गावातल्याच कुणीतरी द्यावी लागते, आणि नगर जिल्ह्यातल्या एका ग्रामपंचायत सदस्यानं मला जे सांगितलं त्यावर काय बोलावं ते सुचलं नाही. "तक्रार देणार कोण? आज बोअर घेणारा माझा चुलता, उद्या घेणारा मी." त्याच्या गावानं पाण्याचा ताळेबंद मांडायला नुकतीच सुरुवात केली होती, केंद्राच्या अटल भूजल योजनेतून. शाळेच्या भिंतीवर तक्ता रंगवलेला, पाऊस इतका, उपसा इतका, तूट इतकी. तूट लाल रंगात.

त्याची अडचण तुटीची नव्हती, वेळेची होती. ग्रामसभा होतात त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ठरलेल्या दिवसांच्या आसपास. ऑगस्टात पाऊस संपलेला नसतो, हिशेब मांडणार कशाचा? जानेवारीत ऊस उभा असतो आणि गहू ओंबीवर. तेव्हा तूट वाचून दाखवली तर पीक कोण उपटणार? मे महिन्यात वाचायला काही शिल्लकच नसतं. उरते ऑक्टोबरची सभा. ज्वारीची पेर चालू असते, गव्हाचं बियाणं अजून दुकानात असतं, आणि कांद्याची रोपं टाकायची की नाही हे ठरायचं असतं. पण त्याच दिवसांत सोयाबीन काढणीला आलेलं असतं आणि सभेला कोरम भरत नाही. तहकूब सभा पुढे कधीतरी होते आणि तोवर पेरण्या उरकलेल्या असतात. यंदा त्यानं सभेची वेळ रात्री साडेआठची मागितली आहे, काढणीवरून माणसं घरी आल्यानंतरची. ग्रामसेवक मुक्कामाला राहायला तयार नाही, त्याच्यावर तीन गावं आहेत. अर्ज गटविकास अधिकाऱ्याकडे गेला आहे.